दोन सूत

चिंच दिंडोरी रोडची.
रस्ता रुंद झाला तेव्हा पडली.
तीन वर्षं अंबडच्या शेडमध्ये आडवी,
फळ्यांमध्ये चिपा, वर पत्रा, वारा दोन्ही अंगांनी.
इर्शाद तिच्यावर डबा ठेवून जेवतो
आणि दर सोमवारी मीटर टोचून आलेला आकडा
खडूने तिच्याच अंगावर लिहितो.
बत्तीस. सव्वीस. एकोणीस.
पावसाळ्यात पुन्हा बावीस.

क्षेमकल्याणी बाई आल्या त्या फोटो घेऊन.
कुठल्याशा थंड देशातलं टेबल, मधून निळी नदी.
"अशीच. पण आपली गोदावरी."
मी विचारलं, कुठली? पुरातली?
तो चहाचा रंगही मिळतो रेझिनमध्ये,
फक्त कोणी मागत नाही.
त्या हसल्या नाहीत.
वास्तुशांत वैशाखात, पत्रिका छापायला गेलेली.
लाकडाला मुहूर्त नसतो, हे मी
कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात लिहितो.
सह्या त्याच्यावरूनच जातात.

पाचव्या फुटावर करवत किंचाळली.
खिळा.
पातं गेलं, अडीच हजारांचं.
कुणी ठोकला असेल? पंक्चरवाल्याने पाटीसाठी,
की क्लासवाल्याने, शंभर टक्के निकालासाठी?
झाडाने त्याच्यावर वीस वर्षं चढवली
आणि भोवती निळा-काळा डाग धरला.
बाई म्हणाल्या, डाग काढा.
म्हटलं, निघेल, पण त्याच्यासोबत
अर्धं टेबल निघेल.

चैत्रातल्या एका शनिवारी घाई करायला आल्या
आणि बसल्या त्या नेमक्या थप्पीवर.
इर्शादने चहा दिला.
खडूचे आकडे वरून खाली वाचत गेल्या,
तीस वर्षं सिव्हिलमध्ये नर्स होत्या, तशा.
"आज किती?"
"चौदा."
"आणि सोडणार कितीला?"
"बाराला. अकरा आले तर उत्तम."
कप खाली ठेवला.
"मग वास्तुशांतीला लोकांना बसवू कुठे?"
"जमिनीवर. पंगत."
तेव्हा हसल्या.
डागाचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

नदी मात्र राहिली. साहेबांना हवी होती.
एप्रिलच्या दुपारी बादलीतच उकळलं रेझिन,
धूर, शेजारचा गाळेवाला वाळू घेऊन धावला,
नऊ किलो निळा दगड झाला.
तो अजून दाराला टेकण म्हणून आहे.
दुसऱ्यांदा पहाटे चारला ओतलं,
पत्रा गार असताना, बोट बोट थर,
मध्ये एक माशी बसली, ती तिथेच.
चीर पुढे धावू नये म्हणून
शिसवीची तीन फुलपाखरं आडवी बसवली.
पाठीला पाय जोडताना स्क्रूची भोकं लांबट केली.
हे काम दिसत नाही. याचे पैसे लावता येत नाहीत.

गंगापूर रोड, आठवा मजला.
लिफ्ट साडेसहा फूट, टेबल आठ.
हे मी आधी मोजायला हवं होतं.
सहा माणसं, सोळा वळणं.
बाई पुढे पुढे, लोकांच्या दारातल्या
चपलांच्या मांडण्या सरकवत,
"सांभाळून हं, सांभाळून."
टेबलाला म्हणत होत्या की आम्हाला, कळलं नाही.
पाचव्या मजल्यावर इर्शादचा अंगठा चेपला.
त्यांनीच बर्फ आणला, त्यांनीच बांधला.

श्रावणात फोन.
"अहो, हे खिडकीच्या कट्ट्याला टेकतंय.
आधी मध्ये पोस्टकार्ड जात होतं."
"दोन सूत," मी म्हटलं.
"म्हणजे?"
"म्हणजे फुगलंय. थंडीत परत जाईल.
खाली तेवढी जागा सोडलीय."
"तुम्हाला माहीत होतं?"
"बरोबर दोन, हे नव्हतं माहीत."
थोडा वेळ काहीच नाही.
मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज,
ताट उचलल्याचा,
आणि फरशीवरून
पाय घासत गेल्याचा.